एक लाख माणसं, उणे दहा डिग्री आणि डोळ्याला न दिसणारा पक: फुटबॉलच्या स्टेडियममध्ये आईस हॉकी बघायला लोक का जातात?

१ जानेवारीला दुपारी एक वाजता आपण काय करत असतो? थर्टी फर्स्टचं जागरण झालेलं असतं, डोकं जड असतं आणि 'आजपासून व्यायाम' हा संकल्प उद्यावर ढकलून झालेला असतो.

२०१४ साली याच दिवशी, याच वेळेला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाच्या गावात एक लाखाहून जास्त माणसं उघड्यावर बसली होती. तापमान उणे दहाच्या आसपास. वरून बर्फ पडतोय. अंगावर चार-चार थर, कानटोपी, त्यावर परत जॅकेटचं हूड. आणि हे सगळे बघत काय होते? तर आईस हॉकीची मॅच. त्यात ज्या वस्तूमागं सगळे खेळाडू पळतात ती वस्तू असते आपल्या बूट पॉलिशच्या डबीएवढी. तीन इंच रुंद, एक इंच जाड, काळं रबर. तिला म्हणायचं पक.

आता एक लाख माणसांच्या स्टेडियममध्ये वरच्या रांगेत बसून बूट पॉलिशची डबी दिसणार का?

उत्तर सोपं आहे. नाही दिसत. म्हणजे अधूनमधून दिसते, पण बऱ्याचदा खेळाडू कुठं पळतायत त्यावरून अंदाज बांधावा लागतो. तरीही अधिकृत आकडा होता १,०५,४९१. आपल्या वानखेडेत साधारण ३३ हजार लोक मावतात. म्हणजे तीन वानखेडे गच्च भरायचे आणि वर उरलेले पाच-सहा हजार लोक गेटवर उभे करायचे, एवढी गर्दी.

हे लोक न दिसणारी मॅच बघायला का जातात, आणि फुटबॉलच्या मैदानात बर्फ येतो कुठून, हे दोन प्रश्न मला पडले. शोधायला गेलो तर दुसऱ्याचं उत्तर जास्त भारी निघालं, पहिल्याचं जरा हळवं.

आधी थोडं क्लिअर करू

आपल्याकडं हॉकी म्हटलं की टर्फ, पेनल्टी कॉर्नर आणि ध्यानचंद. अमेरिका-कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरची. तसंच फुटबॉल म्हटलं की मेस्सीवाला नाही, तर हेल्मेट घालून अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात तो. त्याची स्टेडियम अवाढव्य असतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमला तर तिकडं प्रेमानं 'बिग हाऊस' म्हणतात.

आईस हॉकीची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग म्हणजे एनएचएल. हिच्या मॅच बंदिस्त, वातानुकूलित हॉलमध्ये होतात. डेट्रॉईट रेड विंग्ज ही टीम तेव्हा ज्या जो लुईस अरेनात खेळायची तिथं २० हजार लोक बसायचे. त्या दिवशी बिग हाऊसमध्ये याच रेड विंग्जसमोर टोरांटो मेपल लीफ्स उभी होती. आणि ही काही नवीन वर्षाची टाइमपास प्रदर्शनीय मॅच नव्हती. लीगमधली खरी मॅच, जिंकणाऱ्याला दोन गुण. हारलात तर टेबलवर दिसणार.

या मॅचला 'विंटर क्लासिक' म्हणतात. खरंतर ती एक वर्ष आधी, १ जानेवारी २०१३ लाच ठरली होती. पण मालक आणि खेळाडू यांच्यात पैशांवरून वाजलं, लीगला टाळं लागलं आणि मॅच रद्द झाली. त्यामुळं २०१४ ला आलेल्या लोकांनी पूर्ण वर्षभर वाट बघितलेली होती. टोरांटोचे लोक तर देशाची सीमा ओलांडून, बर्फातून चार-पाच तास गाडी हाणत आले. ट्रॅफिक इतकं तुंबलं की बरेच जण मॅच सुरू झाल्यावर आत पोचले. स्टेडियम निम्मं लाल, निम्मं निळं.

(जाता जाता एक गंमत. या स्टेडियममध्ये एरवी दारू मिळत नसे. या मॅचसाठी राज्याच्या विधिमंडळानं कायद्यात वाट काढून दिली. आपल्याकडं ड्राय डे शिथिल करायला जेवढा खल चालतो, साधारण तेवढाच तिकडंही चालला असणार.)

बर्फ ट्रकमधून येतो

आपल्याला वाटतं, बाहेर उणे दहा आहे, मग पाणी ओतायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी रिंक तयार. गावात लहान मुलांना खेळायला एवढं पुरतं. पण ९० किलोची माणसं धारदार ब्लेड पायात घालून ताशी ३०-४० किलोमीटरनं पळणार, पक दीडशेच्या स्पीडनं जाणार, आणि बर्फाला एक खड्डा पडला तरी कुणाचा तरी गुडघा जाणार. त्यामुळं व्यावसायिक लीग हवामानावर एक टक्काही भरवसा ठेवत नाही.

त्यांच्याकडं एक ट्रक आहे. ५३ फुटी ट्रेलर, आत शीतयंत्र. क्षमता ३०० टन. हा टन म्हणजे आपण एसी घेताना जो टन विचारतो तोच. घरात दीड टनाचा एसी असतो ना, तसे २०० एसी एकदम लावल्यासारखं. हा ट्रक स्टेडियमबाहेर लावायचा. त्यातून जाडजूड नळ्या मैदानापर्यंत आणायच्या. नळ्यांतून फिरतं ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये आपण जे कूलंट टाकतो त्याच घराण्यातलं द्रव्य. ते शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, हा त्याचा मोठा गुण. असं ११ हजार लिटरच्या वर ग्लायकॉल सतत फिरत राहतं.

मैदानावर आधी संरक्षक थर टाकतात, म्हणजे खालच्या टर्फची वाट लागू नये. त्यावर ॲल्युमिनियमचे चपटे पॅनल एकाला एक जोडून लावतात. ग्लायकॉल या पॅनलमधून वाहतं आणि ते गार पडतात. मग वरून पाणी. पण बादलीनं नाही, पाइपनं धो धो पण नाही. बारीक फवारा मारायचा, गोठू द्यायचा, परत फवारा. धीराचं काम. एकदम ओतलं की आत हवा अडकते, बर्फ ठिसूळ होतो. मध्येच पांढरा रंग मारतात, कारण बर्फाला स्वतःचा रंग नसतो, खालचं ॲल्युमिनियम दिसेल. मग लाल-निळ्या रेषा, लोगो आणि परत त्यावर पाण्याचे थर.

हॉलमध्ये बर्फाचा थर सव्वा इंचाच्या आसपास असतो. उघड्यावर तो दोन इंचांपर्यंत नेतात. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद रिंकवर दोन इंच म्हणजे गणित करा, ८० हजार लिटरच्या घरात पाणी. आपल्याकडचे दहा हजार लिटरचे आठ टँकर.

हे सगळं बरीच वर्षं बघायचा डॅन क्रेग नावाचा माणूस. एनएचएलचा बर्फवाला म्हणा. मूळचा कॅनडातला. याच्या टीमचं टार्गेट असायचं, बर्फाचं तापमान उणे साडेपाच डिग्रीच्या आसपास ठेवायचं. जास्त गरम झाला तर मऊ पडणार. आणि जास्त गार झाला तर? इथं खरी मजा आहे. फार गार बर्फ कडक होतो, त्याचे टवके उडायला लागतात. म्हणजे बाहेर उणे वीस असेल तर तोच ट्रक ग्लायकॉल थोडं कोमट करून पाठवतो. बर्फ गार करायला आणलेली मशीन बर्फाला ऊब देते.

पण या टीमचा सगळ्यात मोठा दुश्मन थंडीही नाही आणि बर्फवृष्टीही नाही. ऊन. थर्मामीटर शून्याखाली असला तरी दुपारचं कडक ऊन थेट बर्फावर पडलं की वरचा थर घामेजतो. त्यातही गडद रंगाच्या रेषा ऊन जास्त शोषतात, तिथं आधी वितळतं. २०२१ ला लेक ताहोच्या काठावर गोल्फ कोर्सवर मॅच ठेवली होती, कोविडमुळं प्रेक्षक नव्हते. एक पिरियड झाला, उन्हानं बर्फाची चाळण केली आणि मॅच थांबवली. जवळपास आठ तासांनी, रात्री, राहिलेली मॅच खेळवली. टीव्हीवर मागं निळंशार तळं आणि डोंगर दिसत होते. फोटोला एक नंबर, खेळायला बेकार.

मग प्रत्यक्ष जाऊन दिसतं काय?

आता समजा तुमचं तिकीट निघालंय. (हे अगदीच हवेतलं नाही. डेट्रॉईट आणि टोरांटो, दोन्हीकडं मराठी मंडळं आहेत, कुणाचा ना कुणाचा भाऊ-वहिनी तिकडं असतेच.) साहजिकच तुम्ही पहिल्या रांगेचं तिकीट मागणार. क्रिकेटला आपण तेच करतो.

चूक. इथं पहिली रांग म्हणजे पैसे पाण्यात.

कारण असं की फुटबॉलचं मैदान साधारण ११० मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद. रिंक ६१ बाय २६. म्हणजे मोठ्या परातीत मधोमध एक वाटी ठेवल्यासारखं. रिंकच्या दोन्ही टोकांना २४-२४ मीटर मोकळी जागा राहते, क्रिकेटच्या पिचपेक्षा जास्त. त्यापुढं कुंपण, मग तुमची रांग. त्यात रिंकला चारी बाजूंनी साडेतीन फुटी भिंत, वर काच. तुम्ही खाली बसलात तर भिंतीच्या पलीकडं जमिनीवर सरकणारा पक दिसणारच नाही. हेल्मेटं तेवढी पळताना दिसतील.

हॉलमधल्या मॅचला काचेजवळची सीट सगळ्यात महाग आणि भारी असते. खेळाडू काचेवर आपटतो तेव्हा तुमच्या हातातली बिअर हलते. स्टेडियममध्ये उलटं. जेवढं वर जाल तेवढं बरं. वरून निदान खेळाचा नकाशा कळतो, कोण कुठं पास देतोय ते दिसतं. पण वर गेलं की वारा. म्हणजे दिसायला हवं असेल तर गारठा सोसा.

आवाजाचंही तसंच. हॉलमध्ये ब्लेडची खरखर, काठीचा ठोका, भिंतीवरचा दणका, सगळं कानात येतं. उघड्यावर हे आवाज हवेत विरून जातात. गोल झाला की तुम्हाला आधी गोलमागचा लाल दिवा दिसतो किंवा समोरच्या बाजूचे लोक उड्या मारताना दिसतात. मग तुम्ही मोठ्या स्क्रीनकडं बघता आणि रिप्लेमध्ये गोल बघता. म्हणजे जी गोष्ट घरी सोफ्यावर दिसली असती तीच इथं हजारो मैल येऊन स्क्रीनवर बघायची.

खेळाचा दर्जा? खरं सांगायचं तर तोही घसरतो. त्या दिवशी ॲन आर्बरला बर्फ थांबलाच नाही. भुरभुर बर्फ साचला की पक घसरत नाही, रेंगाळतो. नीट दिलेला पास अर्ध्यात अडकतो. खेळ थांबला रे थांबला की फावडी घेऊन पोरं आत पळायची, रिंक झाडायची, परत बाहेर. वाऱ्याचा फायदा एकाच टीमला होऊ नये म्हणून तिसऱ्या पिरियडच्या मधोमध बाजू बदलायचा खास नियमही असतो. एरवी असं होत नाही.

तरी मॅच रंगली. डेट्रॉईटच्या डॅनियल आल्फ्रेडसननं पहिला गोल केला. दुसऱ्या पिरियडच्या अगदी शेवटी टोरांटोच्या जेम्स व्हॅन रीम्सडाईकनं हवेत उडालेला पक बेसबॉलसारखा टोलवून आत घातला. मग टायलर बोझॅकनं टोरांटोला पुढं नेलं, शेवटची काही मिनिटं उरली असताना जस्टिन ॲब्डेलकेडरनं बरोबरी केली. जादा वेळेत काही निकाल लागेना, शूटआउट झाला आणि परत बोझॅकनंच टोरांटोला जिंकून दिलं, ३-२.

हे खूळ आलं कुठून?

गंमत म्हणजे याच रेड विंग्जनी १९५४ साली उघड्यावर एक मॅच खेळली होती, मिशिगनमधल्याच मार्केटच्या तुरुंगात, कैद्यांच्या टीमविरुद्ध. ती अर्थातच लीगची मॅच नव्हती.

१९९१ ला लास व्हेगासमध्ये, वाळवंटात, सीझर्स पॅलेस हॉटेलच्या पार्किंगमध्ये रिंक उभारून लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या टीमची सराव मॅच ठेवली. सप्टेंबर महिना, तापमान २९-३० डिग्री. दिव्यांच्या उजेडाला भुलून नाकतोडे आले आणि बर्फावर पडायला लागले. खेळाडू नाकतोड्यांवरून स्केटिंग करतायत, असा सगळा प्रकार.

फुटबॉल स्टेडियमची आयडिया खऱ्या अर्थानं जमली ती २००१ मध्ये. मिशिगन आणि मिशिगन स्टेट या दोन विद्यापीठांच्या मॅचला ७४,५४४ लोक आले. कॉलेजच्या पोरांची मॅच, ३-३ बरोबरीत सुटली. पण आकडा बघून सगळ्यांचे डोळे चमकले. २००३ ला एनएचएलनं एडमंटनच्या कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये पहिल्यांदा लीगची मॅच उघड्यावर घेतली. उणे १८ डिग्री, ५७,१६७ प्रेक्षक. मॉन्ट्रियलचा गोलकीपर होझे थिओडोर यानं गोलकीपरच्या मास्कवर चक्क लोकरीची कानटोपी चढवली. मॅच मॉन्ट्रियलनं ४-३ अशी जिंकली, पण आज लोकांना आठवते ती टोपी. २००८ च्या १ जानेवारीला बफेलोमध्ये पडत्या बर्फात ७१,२१७ लोकांसमोर सिडनी क्रॉस्बीनं शूटआउटमध्ये विजयी गोल मारला आणि विंटर क्लासिक ही दरवर्षीची गोष्ट झाली.

गर्दीच्या आकड्यांवरून मात्र जरा सांभाळून. याच बिग हाऊसमध्ये २०१० ला परत त्याच दोन विद्यापीठांची मॅच झाली. तेव्हा जाहीर केले १,१३,४११ आणि गिनीजनं मोजून मान्य केले १,०४,१७३. सभेला किती लोक होते यावरून आपल्याकडं जे होतं, तसंच.

तरी लोक का जातात?

धंद्याचा भाग उघड आहे. २० हजार तिकिटांऐवजी एक लाख तिकिटं. खास जर्सी, खास टोप्या, टीव्हीचे हक्क. आदल्या दिवशी निवृत्त खेळाडूंच्या वेगळ्या मॅच. एवढा फायदा असल्याशिवाय कुणी ३०० टनाचा ट्रक फिरवत नाही.

पण प्रेक्षकांचं कारण धंद्यानं समजत नाही. कॅनडात आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड पट्ट्यात हॉकी शिकायची जागा म्हणजे गोठलेलं तळं किंवा घरामागचं अंगण. हिवाळा आला की बाप पाइप घेऊन अंगणात पाणी मारणार, रात्रीत बर्फ धरणार, सकाळी पोरं बूट काढून स्केट बांधणार. या खेळातला सचिन म्हणावा असा वेन ग्रेट्झ्की, त्याच्या वडिलांनी ब्रँटफर्डच्या घरामागं असंच रिंक केलं होतं. आपल्याकडं गल्ली क्रिकेटची जी जागा आहे, तीच तिकडं या अंगणातल्या बर्फाची. विचार करा, उद्या आयपीएलनं एक मॅच टेनिस बॉलनं, वन टप्पा आउट, भिंतीला लागला की फोर अशा नियमांनी ठेवली आणि ती लीगमध्ये धरली, तर आपण खेळाचा दर्जा बघायला जाऊ का? नुसतं हजर राहायला जाऊ.

आता यातली न बोलली जाणारी गोष्ट. तो अंगणातला बर्फ कमी होत चाललाय. ओटावा शहरात रिडो नावाचा कालवा आहे. हिवाळ्यात गोठला की त्याचा ७.८ किलोमीटरचा स्केटिंगचा रस्ता होतो, लोक त्यावरून ऑफिसला जातात. १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून दरवर्षी तो उघडायचा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पहिल्यांदाच एकही दिवस उघडला नाही, बर्फच पुरेसा जाड धरला नाही. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरियर विद्यापीठाच्या संशोधकांनी तर २०१३ मध्ये रिंकवॉच नावाचा प्रकल्प सुरू केला. लोकांनी आपापल्या अंगणातला बर्फ आज स्केटिंगला चालला की नाही एवढंच कळवायचं. हवामानबदल मोजायची ही त्यांची पट्टी.

भारतात हा प्रश्न लडाखला आहे. तिथली हॉकी गोठलेल्या तळ्यांवरच वाढली. भारताच्या महिला टीमनं २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया कपमध्ये ब्राँझ मिळवलं, आणि त्या टीममधल्या बहुतेक मुली लडाखच्या. तळं किती आठवडे गोठलेलं राहतं, यावर त्यांचा सराव अवलंबून. वर ब्राँझ मिळालं ते वाळवंटातल्या हॉलमध्ये.

एनएचएलला ही अडचण नाही. बिग हाऊसमधल्या मॅचनंतर साडेतीन आठवड्यांनी, २५ जानेवारी २०१४ ला लीगनं लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये पुढची उघड्यावरची मॅच लावली. बेसबॉलचं मैदान, आजूबाजूला पामची झाडं, संध्याकाळचं तापमान १५ डिग्रीच्या वर. बर्फ मात्र तसाच पांढराशुभ्र धरला होता. मॅच ॲनाहाईम डक्सनं ३-० अशी जिंकली. बघायला ५४,०९९ लोक आले होते, आणि कानटोपीची गरज त्यातल्या कुणालाच नव्हती.